पडवीतले बिऱ्हाड

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली ठेवायच्या, तर डिस्कची वाटणी करावी लागते. आणि वाटणी म्हटली की कोणाला किती, हा प्रश्न आलाच. हा प्रश्न तंत्रज्ञाचा आहे, असे मराठीचे शिक्षक आणि विद्यार्थी धरून चालतात. यंत्र दुरुस्त करणारा येतो, तासाभरात काहीतरी करतो, आणि तो गेल्यावर जे उरते त्यावर आपण आपला मजकूर मांडून बसतो. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. डिस्कचे हिस्से, म्हणजे पार्टिशन, लहानमोठे कसे करावेत हे तंत्र आहे आणि ते शिकता येते. मात्र कोणता हिस्सा किती मोठा असावा, कोणता हलवावा आणि कोणत्याला हातही लावू नये, हा निर्णय तंत्राचा नसून मजकुराचा आहे. म्हणून तो मजकुराशी ज्यांचा संबंध आहे त्यांनीच घेतला पाहिजे.

हे आताच सांगण्याचे कारण असे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे मोफत सुरक्षा-पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. मुदतवाढीच्या ज्या सोयी आहेत त्या मर्यादित आहेत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ साली बाजारात आली. त्यामुळे त्यापूर्वी घेतलेली यंत्रे सहसा या कसोटीत बसत नाहीत. महाविद्यालयांच्या मराठी विभागांत जे संगणक असतात त्यांचे वय सर्वांना ठाऊक आहे. ग्रंथालयाचे, लेखा-विभागाचे, विज्ञान शाखेचे यंत्र बदलले की जुने आपल्याकडे येते, ही परंपराच आहे. अशी यंत्रे मोडीत काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स घालावे हा विचार आता जागोजाग ऐकू येतो. तो विचार आम्हांस मान्य आहे. मात्र तो अमलात कसा येतो, हे पाहिले की चिंता वाटते.

अमलात तो दोन प्रकारांनी येतो. पहिला प्रकार असा की सर्व डिस्क पुसून टाकायची आणि केवळ लिनक्स घालायचे. दुसरा प्रकार अधिक भिडस्त आहे. विंडोजचे सी, डी, ई हे तिन्ही ड्राइव्ह होते तसे ठेवायचे, डिस्कच्या शेवटी पंधरा-वीस जीबीचा तुकडा मोकळा करायचा, आणि लिनक्सला तेथे राहायला सांगायचे. वाड्यातल्या पडवीत बिऱ्हाड द्यावे तसे हे आहे. बिऱ्हाडकरूने पडवीतच स्वयंपाक करायचा, तेथेच निजायचे आणि पाहुणा आला तर त्यालाही तेथेच बसवायचे. वर वर्षभराने घरमालकाने म्हणायचे की, या माणसाला नीटनेटके राहताच येत नाही!

लिनक्सच्या बाबतीत नेमके हेच घडते. उबुंटूसारख्या प्रचलित लिनक्ससाठी तिच्या निर्मात्यांनीच २५ जीबी जागेची शिफारस केलेली आहे, आणि ती केवळ प्रणाली नीट चालावी एवढ्यापुरती. वीस जीबीच्या तुकड्यात प्रणाली स्वतःच निम्म्याहून अधिक जागा व्यापते; अद्ययावत होताना नव्या आवृत्त्या उतरवून घेते, जुन्या काही काळ ठेवते. एक दिवस जागा भरते. अद्ययावत होणे थांबते, फाइल जतन होत नाही, कधी कधी आत प्रवेशच मिळत नाही. मग निष्कर्ष ठरलेला असतो : लिनक्स चालत नाही, मराठीला विंडोजच बरे. जागेच्या तुटीचा दोष भाडेकरूच्या स्वभावावर ढकलला जातो. ज्यांच्या विषयाला वेळापत्रकात उरलेला तास आणि इमारतीत उरलेली खोली मिळते त्या आपल्याला तरी हा न्याय ओळखता यावा.

प्रथम पहिल्या प्रकाराविषयी. विंडोज पुसून टाकू नये असे आम्ही म्हणतो, ते त्या प्रणालीच्या प्रेमाने नव्हे. १९९० च्या दशकापासून पुढे दीड-दोन दशके मराठी मजकूर मुख्यतः श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टांत टंकित झाला. यांपैकी बहुतेक फॉन्टांत अक्षराचे रूप देवनागरी असले तरी फाइलीत साठवलेले संकेत रोमन अक्षरांच्या जागेवरचे असत. फॉन्ट असेपर्यंत ती फाइल मराठी. फॉन्ट गेला की तिच्यात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गाळ उरतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते, परंतु मराठी छपाईने तिचा स्वीकार फार उशिरा केला. मधल्या काळातील प्रबंध, विशेषांक, मुलाखतींची शब्दांकने, बोलींचे शब्दसंग्रह, संपादित हस्तलिखितांच्या प्रती हे सारे त्या जुन्या संकेतांत आहे, आणि ते वाचण्याची साधने विंडोजवर आहेत. काहींना यंत्राच्या मागे लावायचे हार्डवेअर-कुलूपही लागते.

यावर असे सांगितले जाते की रूपांतरक उपलब्ध आहेत; एकदा सर्व युनिकोडमध्ये आणा आणि जुने सोडून द्या. रूपांतरक आहेत, ते वापरावेतही. पण रूपांतर म्हणजे प्रत तयार करणे होय, आणि प्रतीत पाठभेद शिरतात हे आपल्याखेरीज कोणी अधिक जाणावे? जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी साठवला जाई, कारण तो डोळ्यांना आधी दिसतो. युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर येतो. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये तो आधी येतो. हा क्रम उलटताना जोडाक्षरांपाशी चुका होतात. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत एक गुरू आहे आणि एक स्वयंपाकी. रूपांतरकाने दोहोंचा ‘र्य’ एकच केला तर मुद्रितशोधकाला संदर्भावरून तर्क करावा लागेल, आणि बोलीभाषेच्या शब्दसंग्रहात तर तर्काला संदर्भही नसतो. मूळ फाइल तिच्या मूळ फॉन्टात उघडून पाहणे हाच तेथे एकमेव पुरावा असतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. आवृत्ती निघाली म्हणून ज्या पोथ्यांवरून ती सिद्ध झाली त्या कोणी रद्दीत घातल्या नाहीत. संपादित पाठ हा एक निर्णय असतो, आणि निर्णय पुन्हा तपासता यावा म्हणून पोथी जपायची असते. जुन्या फॉन्टातील फाइल ही आपल्या काळाची पोथी आहे आणि तो फॉन्ट चालवणारे विंडोज ही ती वाचण्याची लिपी आहे. ते ठेवावे, त्याला आंतरजालापासून तोडून ठेवावे, पण ठेवावे. सुरक्षा-पाठबळ संपलेल्या प्रणालीने केवळ वाचनालयाचे काम केले तर तिच्यापासून धोका कमी आणि उपयोग पुष्कळ.

आता दुसऱ्या प्रकाराविषयी. वाचनालयाला किती जागा लागते? जुना मजकूर, मग तो पंचवीस वर्षांचा का असेना, केवळ मजकूर म्हणून पाहिला तर फारच थोडी जागा घेतो. जागा लागते ती पुढच्या कामाला. दिवाळी अंकाचे एक ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले तर दाबून लहान न करता त्याची फाइल सुमारे २६ एमबी होते. दोनशे पानांचा एक अंक म्हणजे सव्वापाच जीबी. वीस जीबीच्या पडवीत प्रणालीसाठी काहीही न ठेवता चार अंकसुद्धा मावणार नाहीत. देवनागरीचा टंक लोहित, कळफलक इनस्क्रिप्ट, लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस, छापील पानातून मजकूर काढण्यासाठी टेसरॅक्ट : मराठी विभागाला लागणारी ही सारी साधने लिनक्सवर विनामूल्य आहेत. जी प्रणाली आज सुरक्षित आहे आणि जिच्यात उद्याचे काम व्हायचे आहे तिला अंगण नाही, आणि जिचे काम आता जुने वाचण्यापुरते उरले आहे तिला तीन खणांचा वाडा, ही वाटणी न्यायाची नाही. हिस्से बदलणे भाग आहे.

ते कसे बदलतात हे समजून घेण्यास आपल्याकडे एक चांगली उपमा आधीपासूनच आहे. डिस्कच्या आरंभी एक छोटी नोंद असते : कोणता हिस्सा कोठून सुरू होतो, कोठे संपतो आणि तो कोणत्या प्रकारचा आहे. तिला पार्टिशन टेबल म्हणतात. हा डिस्कचा सातबारा होय. आयबीएमच्या पीसी एक्सटी या यंत्राबरोबर आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर १९८३ साली ही पद्धत आली. तिच्यात मुख्य हिस्से चारच बसत. हल्लीच्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ बसतात. सातबारावर आकडा बदलला म्हणून शेतातील विहीर सरकत नाही, आणि विहीर सरकली म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही. हिस्सा लहान करायचा तर प्रथम त्याच्या आतील मांडणी, म्हणजे फाइलव्यवस्था, लहान करावी लागते. हद्दीपलीकडे जाणारा मजकूर अलीकडे आणावा लागतो. त्यानंतरच हद्द मागे घ्यायची. मोठा करायचा तर क्रम उलटा : आधी हद्द वाढवायची, मग आतील मांडणी तेथवर पसरवायची. हा क्रम चुकला तर ज्या जागेवर अजून घर उभे आहे ती जागा दुसऱ्याच्या नावावर लागते. हल्लीची साधने हा क्रम स्वतः पाळतात. परंतु साधन काय करीत आहे हे ठाऊक नसेल तर ते मध्येच थांबवणे किती घातक आहे, हेही ठाऊक नसते.

उदाहरणादाखल पाचशे जीबीची डिस्क घेऊ. विंडोजमध्ये ती सुमारे ४६५ दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने. मधले काही चोरीस गेलेले नसते. समजा तिच्यावर क्रमाने सी १५०, डी १५०, ई १४३ आणि शेवटी लिनक्स २० अशी वाटणी आहे, आणि आरंभीचे लहान हिस्से वेगळे. सी वर विंडोज आहे. डी वर विभागाचा मजकूर आहे. ई वर काय आहे हे कोणालाच नीट सांगता येत नाही : स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, कोणी उतरवून ठेवलेले चित्रपट, एकाच घडीपत्रिकेच्या अकरा प्रती. लिनक्सला मोठे करायचे आहे. कोणाकडून घ्यावे?

येथे आमचे मुख्य सूत्र येते. जे पुन्हा मिळवता येते तेच हलवावे. जे पुन्हा मिळणार नाही ते जागचे हलवू नये, त्याची फक्त प्रत काढावी. प्रणाली पुन्हा मिळते. विंडोज असो की लिनक्स, ती उद्या पुन्हा घालता येते. डी वरील मजकूर पुन्हा मिळत नाही. म्हणून डी ला हात लावायचा नाही; तो लहान करायचा नाही, मोठा करायचा नाही, सरकवायचा तर मुळीच नाही. ई मधील निवडक गोष्टी बाहेर काढून तो १४३ वरून ४३ वर आणावा. त्याच्या आणि लिनक्सच्या मध्ये शंभर जीबी मोकळे होतात.

ई लहान करण्याचे काम विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनाने करावे, कारण तो हिस्सा एनटीएफएस या विंडोजच्या मांडणीत आहे. ज्याची जमीन त्यानेच मोजावी, म्हणजे तंटे कमी होतात. हे साधन हिस्सा उजव्या टोकाकडूनच कमी करते आणि मध्ये न हलणारी फाइल आली की तेथेच थांबते. सी ड्राइव्हवर हा अनुभव विशेष येतो : ऐंशी जीबी मोकळे दिसत असतात आणि साधन म्हणते दहाच सोडता येतील, कारण पेजफाइल किंवा हायबरनेशनची फाइल शेवटाकडे बसलेली असते. ही अडवणूक दोष नाही. ती खबरदारी आहे.

मोकळे झालेले शंभर जीबी लिनक्सच्या डाव्या बाजूला आहेत, आणि येथे पुष्कळ जण फसतात. हिस्सा उजवीकडे वाढवणे सोपे असते, कारण त्याचा आरंभ हलत नाही. डावीकडे वाढवायचा म्हणजे आरंभच मागे न्यायचा, आणि त्यासाठी आतील सारा मजकूर उचलून नव्या जागी मांडावा लागतो. हे होत असताना काही काळ अर्धा मजकूर जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी असतो. तेवढ्यात वीज गेली तर दोन्हींपैकी एकही जागा धड राहत नाही. भारनियमन अनुभवलेल्या वाचकांस याहून अधिक सांगणे नलगे. यूपीएस नसेल तर हे काम करू नये. लॅपटॉप असेल तर अडॅप्टर लावूनच करावे.

म्हणून शंभरांचे दोन भाग करावेत. चाळीस जीबी लिनक्सच्या मूळ हिश्श्याला जोडून तो साठाचा करावा. यात आरंभ सरकतो, परंतु सरकते ती प्रणाली, जी गेली तरी पुन्हा येते. उरलेल्या साठांचा नवा, स्वतंत्र हिस्सा करून तो लिनक्सच्या ‘होम’साठी, म्हणजे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइलींसाठी द्यावा. बांध ओढण्यापेक्षा शेजारचा मोकळा तुकडा घेणे केव्हाही शहाणपणाचे. शिवाय पुढे कधी लिनक्स नव्याने घालावे लागले तर होमला धक्का न लावता ते करता येते. ई वरील ४३ जीबी ही दोन्ही प्रणालींची सामाईक ओसरी ठरवावी. लिनक्सला एनटीएफएस वाचता आणि लिहिता येते. विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ ही मांडणी स्वतःहून वाचता येत नाही. युनिकोडमध्ये आणलेला मजकूर या ओसरीत ठेवावा, म्हणजे तो कोणत्याच घराचा कैदी राहत नाही.

लिनक्सचा मूळ हिस्सा वापरात असताना सरकवता येत नाही. त्यासाठी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून जीपार्टेड हे साधन वापरावे. २००४ पासून उपलब्ध असलेले हे मुक्त साधन आहे. त्यापूर्वी अशा कामासाठी पार्टिशन मॅजिकसारखी विकत घ्यावयाची साधने लागत. जीपार्टेड आपण सांगितलेले बदल आधी यादीत मांडते आणि संमती दिल्यावरच करते. यादी मोठ्याने वाचावी, दोघांनी वाचावी. अंतिम मुद्रित तपासताना एकाने वाचावे आणि दुसऱ्याने मूळ प्रत पाहावी, ही आपली जुनी रीत येथे फार उपयोगी पडते. हिस्सा सरकवला किंवा वाढवला तरी त्याची यूयूआयडी ही ओळखखूण तीच राहते, म्हणून सुरुवातीची निवडयादी दाखवणारे ग्रब सहसा बिघडत नाही. हिस्सा पुसून नव्याने केला तर मात्र ओळख बदलते, आणि जुन्या नावाने हाक मारणाऱ्या प्रणालीला कोणी ओ देत नाही.

दोन-तीन सापळे विशेष सांगण्याजोगे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तिच्यामुळे संगणक बंद केला असे आपल्याला वाटते तेव्हा विंडोज पूर्ण बंद झालेले नसते. पुस्तकात खूण घालून ते झोपलेले असते, आणि जागे झाल्यावर घरातील मांडणी तशीच असेल असे गृहीत धरते. अशा वेळी बाहेरून हिस्सा बदलला तर मजकुराचा नाश संभवतो. म्हणूनच अशा स्थितीत लिनक्स त्या हिश्श्याला सहसा केवळ वाचण्यापुरतेच उघडते. ती सोय आधी बंद करावी. बिटलॉकरचे कुलूप लावलेले असेल तर ते स्थगित करावे आणि त्याची ४८ अंकी चावी कागदावर लिहून ठेवावी. तिसरा सापळा घातक नाही, पण संशोधकाला त्रासाचा आहे. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे मानते आणि लिनक्स जागतिक वेळ आहे असे मानते. परिणामी प्रणाली बदलली की घड्याळ साडेपाच तासांनी चुकते, आणि फाइलींवर पडणाऱ्या तारखा-वेळाही चुकू शकतात. कोणती प्रत आधीची, हे ज्याला ठरवायचे आहे त्याने लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्यास सांगून ठेवावे. एका आज्ञेचे काम आहे.

आणि या सर्वांच्या आधी बॅकअप. त्याच डिस्कच्या दुसऱ्या हिश्श्यात काढलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. एकाच पेटीच्या दोन कप्प्यांत ठेवलेले दागिने एकाच चोरीत जातात. वेगळ्या डिस्कवर प्रत काढावी, आणि ती काढली एवढ्यावर समाधान न मानता दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. जुन्या मजकुराबरोबर त्याचे फॉन्टही घ्यावेत. फॉन्टावाचून घेतलेली प्रत म्हणजे चावी आत ठेवून लावलेले कुलूप होय.

यावरील आक्षेप आम्हांस अपरिचित नाहीत. आभासी यंत्र करून विंडोज लिनक्सच्या पोटात चालवावे, असे काही सुचवतात. यंत्र सशक्त असेल तर ती सूचना उत्तमच. चार जीबी स्मृतीच्या यंत्रावर ती कागदावरच राहते, आणि हार्डवेअर-कुलूप आभासी यंत्रात ओळखले जाईलच असे नाही. सर्व काही मेघावर ठेवावे, असेही म्हणतात. पण जुन्या फॉन्टातील फाइल मेघावर गेली तरी जुन्या फॉन्टातच राहते. दुसरी लहान डिस्क बसवून लिनक्स तिच्यावर घालावे, ही सूचना मात्र आम्हांस सर्वांत पसंत आहे. तसे करता येत असेल तर हिस्से बदलण्याचा खटाटोप करूच नये. पण खरेदीचा प्रस्ताव, तीन दरपत्रके आणि मंजुरी यांतून ती डिस्क येईपर्यंत यंत्र बंद ठेवता येत नाही, आणि पुष्कळ लॅपटॉपमध्ये तिला जागाच नसते.

सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे : हे आमचे काम नव्हे. आमच्या माहितीतील एका विभागात यंत्र मंद झाले म्हणून दुरुस्तीस माणूस बोलावला. त्याने विचारले, “सर, सगळे उडवून नवीन टाकू का?” आणि उपस्थितांनी, काम लवकर व्हावे म्हणून, होकार दिला. डी वर सेवानिवृत्त सहकाऱ्यांनी पंधरा वर्षे गावोगाव हिंडून जमवलेला बोलीतील शब्दांचा संग्रह होता. त्याचा निम्मा भाग कागदावर निघालेला होता. उरलेला आता कोठेही नाही. त्या माणसास दोष देता येत नाही. त्याने प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास जे समर्थ हवे होते ते उत्तर देणे आपले काम नाही असे समजत होते. ज्यांनी सांगितले ते शब्द, त्यांतील काही माणसेही आता नाहीत.

खिळे जुळवण्याच्या काळात मराठीच्या संपादकाला पॉइंट आणि फर्मा कळत असे. कळत नसे त्याचे पुस्तक बिघडे. ऑफसेट आल्यावर तो ब्रोमाइड आणि प्लेट शिकला. त्याला कोणी यंत्रकार म्हटले नाही. मजकूर ज्या वस्तूवर उभा असतो ती वस्तू ओळखणे हा संपादनाचाच भाग आहे. एम.ए.च्या वर्गात आपण हस्तलिखित, भूर्जपत्र, बोरू, शाई यांविषयी शिकवतो; आपल्या स्वतःच्या काळातील मजकूर कोणत्या हिश्श्यात, कोणत्या मांडणीत, कोणत्या संकेतांत आहे हे शिकवत नाही. शंभर वर्षांनी कोणी या काळाचा पाठ सिद्ध करू पाहील तेव्हा त्याला याच माहितीची गरज पडेल. ती देणारे आपल्यावाचून दुसरे कोणी नाही.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरात संगणकाची नोंद असते : क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत. त्याच्या आत काय आहे याची नोंद नसते. ती करावी. कोणता हिस्सा किती जीबीचा, त्यात काय, कोणत्या फॉन्टात, प्रत कोठे, शेवटची तपासणी केव्हा. एक पान पुरे. हिस्से बदलण्यापूर्वी एकदा आणि बदलल्यानंतर एकदा, दोन सह्यांनिशी. पुढच्या खेपेस कोणी “सगळे उडवू का?” असे विचारील, तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या हाती ते पान असावे.